डॉलरची टोपली, पाउंडाची टोपली

संध्याकाळी हापिस बंद करून मी मानिकपूरच्या रस्त्यानं घरी चालली का रिक्षावाले, भाजीवाले, चर्चमधून निघालेल्या बाया, सगळे एकच विचारायचे. "मावशी, आज डॉलर काय?" जसा काय डॉलर माझ्या टोपलीत हाय नि वर ओलं फडकं टाकलंय. मी बी तसंच उत्तर द्यायची. "ताजा हाय. कालच्यापेक्षा दहा पैसे महाग. घेतोस का?"

हसायचे नि जायचे. त्यातल्या किती जनांनी डॉलर हातात धरला असंल देव जाने. पन भाव विचारायला कुठं पैसे लागतात?

माझी नोकरी परदेशी नोटा बदलून देनाऱ्या हापिसात होती. एका बाजूला शिंपी, दुसऱ्या बाजूला दाताचा दवाखाना, मधी आमचं हापिस. मालक लोपीससाहेब. झाडू मारायचा, चहा करायचा, नि सकाळी फळ्यावर आकडे लावायचे, हे माझं काम. लाकडी फळा, त्याला खिळे, नि पत्र्याच्या आकड्यांचा डबा. साहेब सकाळी मुंबईला फोन लावायचे, भाव ऐकायचे नि मोठ्यानं बोलायचे. मी एकेक आकडा खिळ्याला अडकवायची. शाळा मी दुसरी बी पुरी केली नाय. अक्षरांशी माझी ओळख लांबची, पन आकडे सगळे घरातले. बाजारात बसनाऱ्या बाईला आकडे शिकवावे लागत नाय.

त्याच्या आधी मी सुके बोंबील विकायची. आमचं गाव मिठागराचं. नवरा मिठागरात कामाला होता. एका पावसाळ्यात त्याला ताप आला, तो डोक्यात गेला, नि आठवडा बी निघाला नाय. दोन पोरी पदरात. मी टोपली डोक्यावर घेतली ती मानेनं नाय म्हनेपर्यंत उतरवली नाय. मग हात बधिर व्हायला लागले. डॉक्टर बोलला, "बाई, डोक्यावर वजन घ्यायचं बंद, नाहीतर अंथरुणावर पडाल." मी बोलली, "बरं." दुसरं काय बोलनार? लोपीससाहेबांची बायको माझ्याकडचेच बोंबील घ्यायची. तिनंच मला हापिसात लावली. तेव्हापासून डोक्यावरचं वजन गेलं, डोक्यातलं आलं.

पयल्या दिवशी मी साहेबांना विचारलं, "साहेब, ह्या एका डॉलरला दोन भाव कसे? एक छत्तीस, एक साडेछत्तीस. खरा कुठला?"

साहेब बोलले, "दोन्ही खरे. छत्तीसनं आपण लोकांकडून घेतो, साडेछत्तीसनं देतो. मधले पन्नास पैसे हे हापिसचं भाडं, तुमचा पगार नि माझी मच्छी."

हे मला लगेच समजलं. आमी बी जेट्टीवरून घेताना वेगळ्या भावानं घ्यायचो नि विकताना वेगळ्या. पन गिऱ्हाइकाला हे पटायचं नाय. फळ्यावर एका बाजूला 'खरेदी' लिवलेलं, एका बाजूला 'विक्री'. गिऱ्हाईक यायचं विकायला, नि विक्रीच्या खालचा आकडा मागायचं. "मी विकतोय ना? मग विक्रीचाच भाव द्या." रोज एक तरी भांडन व्हायचं. मी चहा पुढं करून सांगायची, "दादा, हा फळा आमच्या बाजूनं बोलतो. आमी घेतो ती खरेदी. तुमी विकता, म्हंजे आमी घेतो." चहा पिऊन झाला का पटायचं.

आता बाहेरच्या लोकांना वाटतं का परदेशी पैशाचं काम म्हंजे लय अवघड. तसं नाय. मी सांगते.

वसईत होळी नावाची जागा हाय, तिथल्या बाजारात मी बोंबील घेऊन बसायची तेव्हा समोर वाडीवाल्या बाया बसायच्या. केळी, वांगी, पडवळ, विड्याची पानं. दुपार झाली, गिऱ्हाईक पांगलं का आमचं आपसात सुरू व्हायचं. तू मला केळी दे, मी तुला बोंबील देते. मधी रुपयाचं नाव नाय. आता मला कोनी विचारलं, "भानू, बोंबलाला भाव काय?" तर मी विचारायची, "कशात? केळ्यात का वांग्यात?" कारन बोंबलाला एकट्याला भाव नसतोच. समोर कोन तरी लागतं. लग्नासारखं हाय, एकट्याचं होत नाय. आज एका शेकडा बोंबलाला केळ्यांचे दोन फने मिळाले, उद्या तीन मिळाले, तर मी बोलनार माझे बोंबील चढले. समोरची बोलनार माझी केळी पडली. गोष्ट एकच, बाजू दोन. डॉलर नि रुपयाचं तसंच. डॉलर चढला बोलतो तेव्हा रुपया पडलेला असतो. साहेब ह्याला जोडी बोलायचे. मी मनात बोलायची, ही तर आमची बोंबील-केळी.

नि एक. मला वांगी पाहिजे, पन वांगीवालीला बोंबील नको. मग मी आधी केळी घ्यायची, केळी देऊन वांगी घ्यायची. दोनदा देवघेव, दोनदा थोडं थोडं नुकसान. पुढं ह्याचंच काम पडलं, म्हनून आधीच सांगून ठेवते.

आकडा मोठा म्हंजे पैसा मोठा, असं बी नसतं. एकदा एक बाई पेढे घेऊन हापिसात आली. नवरा जहाजावर, इटलीहून आला होता. तिनं पाकिटातून नोटा काढल्या, एकेक दहा हजाराची. बाई सगळ्यांना पेढे वाटत सुटली. "दहा हजार, दहा हजार, दहा हजार!" साहेबांचा चेहरा बघवत नव्हता. ते पेढा हातात धरून बसले, खाववेना नि ठेववेना. इटलीची लिरा ती. दहा हजाराच्या एका नोटेचे आपले दोनशे नि काय तरी रुपये. साहेबांनी सांगितलं तेव्हा बाईनं पेढ्याचा पुडा खाली ठेवला. मला वाटलं आता रडते. तर ती नवऱ्याकडं वळली नि बोलली, "म्हंजे तुमी दोन वर्षं राईचे दाणे गोळा करीत होता?" नवरा बिचारा दाराकडं बघाय लागला. मी बोलली, "बाय, भोपळा एक नि राईचे दाणे शंभर, पन सांबाराला दोन्ही लागतात. पेढे मस्त हायत." मग ती बी हसली. उरलेले पेढे मात्र बांधून परत घेऊन गेली.

आता नातालबायची गोष्ट. ती सांगायला मी बसलीय.

नातालबाय होळीची. वाडीवाली. बाजारात माझ्या समोर बसायची ती हीच. तिची केळी नि माझे बोंबील, वर्षानुवर्षांची जोडी. तिची पोरगी रीना नर्सिंग शिकली होती. तिला विलायतेत एका हास्पिटलात पुढचं शिकायला जागा मिळाली. पन अट होती. पोचल्यावर पयल्याच दिवशी शिकवनीची फी नि राहायचं भाडं भरायचं, पाउंडात. नाय भरलं तर जागा दुसऱ्या पोरीला. विमानाचं तिकीट काढून झालं होतं. नातालबायचा भाऊ पास्कू जहाजावर खलाशी, सुट्टीवर घरी आलेला. भाचीसाठी त्यानं पगाराचे डॉलर आनले होते. त्या वेळी हिशेब बसत होता. पास्कूच्या डॉलरात रीनाचे पाउंड येऊन वर थोडं उरत होतं, स्वेटरापुरतं.

तेव्हाच नेमका डॉलर चढाय लागला. सदतीस झाला. नातालबाय रोज बाजार उठला का हापिसात यायची, टोपली दारात ठेवायची, फळ्याकडं बघायची नि खूश.

"बदलू या का, बाय?" पास्कू विचारायचा.

"गप रे. अजून चढतोय. तुला जहाजातलं कळतं, भावातलं नाय."

सात समुद्र फिरलेला मानूस, पन बहिनीसमोर मांजर.

साहेबांनी तिला समजावलं. "नातालबाय, डॉलर बघू नका. पाउंड जास्त चढतोय. आजच बदला." तिनं साहेबांकडं असं बघितलं जसं बाजारात खोटं वजन ठेवनाऱ्याकडं बघतात. बाहेर येऊन मला बोलली, "तुझ्या साहेबाला माझे डॉलर स्वस्तात पाहिजेत गो. म्हनून घाई करतोय. मी काय आज बाजारात बसतेय?"

तिचं बी चुकत नव्हतं एका परीनं. आख्ख्या जन्मात जो घाई करतो तो आपल्या फायद्याची घाई करतो, हेच आमी बघितलेलं.

डॉलर अडतीस झाला. पाउंड अठ्ठावन्नवरून चौसष्टवर. मी दोन्ही आकडे खिळ्याला लावले नि मला राहवंना. त्या दिवशी मी घरी न जाता थेट होळीला तिच्या वाडीत गेली. ती मांडवावर सुकत घातलेली केळी गोळा करीत होती. राजेळी केळी सोलून उन्हात सुकवतात, त्याची सुकेळी होतात. आमच्या वसईचा मेवा तो.

मी बोलली, "नातालबाय, खाली ये. बाजार मांडायचाय."

"आता? संध्याकाळी?"

"ये तर."

मी येताना कागदात थोडे बोंबील आनले होते. जमिनीवर ठेवले. शेजारी तिची दोन वांगी ठेवली, नि मधी तिचंच एक केळं.

"हे बोंबील म्हंजे तुझे डॉलर. हे केळं म्हंजे रुपया. ही वांगी म्हंजे पाउंड. तुला घरी काय न्यायचंय?"

"वांगी."

"मग रोज काय बघतेस? बोंबलाला केळी किती मिळतात ते. दोन महिन्यामागं कमी मिळायची, आता जास्त मिळतात. तू खूश. पन वांगीवालीनं भाव किती वाढवला ते बघितलंस? केळी जास्त मिळाली, पन वांगी घ्यायला त्याच्याहून जास्त केळी लागाय लागली. शेवटी तुझ्या त्याच बोंबलात वांगी कमी आली."

ती उकिडवी बसून बघत राहिली, मागं दारात रीना उभी. हात केळ्याच्या चिकानं काळे. मग तिनं मधलं केळं उचललं नि बाजूला ठेवलं. आता नुसते बोंबील नि वांगी समोरासमोर.

"म्हंजे मी भलत्याच टोपलीकडं बघत बसली," ती बोलली.

"तेच."

"नि तू रोज तिथं आकडे लावीत होतीस, तर आधी का नाय बोललीस?"

"तू माझ्या साहेबाला चोर बोललीस. मी बी त्याच हापिसाची ना?"

ती हसली नाय. उठली, पदरानं हात पुसले नि घराकडं तोंड करून हाक मारली, "पास्कू! उद्या सकाळी आंघोळ लवकर कर."

दुसऱ्या दिवशी हापिस उघडायच्या आधी तिघं दारात. पास्कू तेल लावून, भांग पाडून. पन साहेबांकडं तेवढे पाउंड नव्हते. आमचं हापिस लहान, डॉलर नि दिनार येत, पाउंड क्वचित. मुंबईहून मागवायचे तर त्यांचा भाव आनखी वर. हिशेब केला. पास्कूचे सगळे डॉलर देऊन बी फी पुरी होत नव्हती. रीना भिंतीला टेकून उभी होती. तिचं विमान शनिवारी. ती हळूच बोलली, "आई, मी हास्पिटलला लिवते, थोडे नंतर भरते म्हनून." नातालबाय बोलली, "नि ते जागा दुसरीला देतील. गप बस."

मला कुलकर्णी सर आठवले.

कुलकर्णी सर शाळेतून रिटायर झालेले, मानिकपूरच्या फ्लॅटात राहायचे. त्यांचा मुलगा विलायतेत. सुट्टीला आला तेव्हा त्यानं वडलांना पाउंड देऊन ठेवले होते, कारन सरांना अमेरिकेत मुलीच्या बाळंतपनाला जायचं होतं. म्हंजे त्यांच्याकडं पाउंड, नि पाहिजे होते डॉलर. सर रोज सकाळी दूध घेऊन परत जाताना आमच्या फळ्यासमोर उभे राहायचे, डोळे मिटून तोंडातल्या तोंडात गुनाकार करायचे, नि बोलायचे, "अजून थोडा." त्यांचं बरोबर होतं. नातालबायचं नुकसान तोच त्यांचा फायदा. एकाच जोडीची दोन टोकं रोज आमच्याच दारात येत होती, एक सकाळी, एक दुपारी.

आता बी ते दुधाची पिशवी घेऊन उभेच होते. मी त्यांना आत बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला.

"सर, तुमचे पाउंड आज बदला."

"मावशी, आज नाही. पाउंड अजून चढणार आहे."

"ह्या पोरीला शनिवारी जायचंय."

सरांनी रीनाकडं बघितलं, मग माझ्याकडं. "अहो, पण हे असं एकमेकांना द्यायचं नसतं. कायदा आहे."

"ह्या हातातून त्या हातात नाय, सर. तुमी साहेबांना पाउंड द्या, पास्कू साहेबांना डॉलर देईल. दोघांना शिक्क्याची पावती. साहेबांच्या टेबलावरून जाईल सगळं."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. त्यांना कळलं मी काय बोलते. पाउंड आले तसे गेले, डॉलर आले तसे गेले, तर साहेबांना काही ठेवून घ्यायचं नाय, मुंबईला फोन नाय, रात्रीत भाव पडायचं भ्या नाय. ते बोलले, "एकाच वेळी होत असेल तर मी माझं मधलं निम्म्यानं कमी करतो. दोघांनाही. सर, तुम्ही आठवडाभर थांबून जे मिळवणार, त्यातलं बरंचसं आत्ताच मिळतंय. नि रीनाची फी पुरी होते. बघा."

सरांनी डोळे मिटले. गुनाकार चालू झाला. पास्कूनं सवयीनं हात जोडले, जसा चर्चात मिस्सेला उभा हाय.

सरांनी डोळे उघडले. "बरंचसं मिळतंय, सगळं नाही."

नातालबाय पुढं आली नि सरांच्या समोर अशी बसली जशी माझ्या समोर बाजारात बसायची. "मास्तर, वर काय पाहिजे ते सांगा."

"वर म्हणजे?"

"आमच्यात देवघेव झाली का वर मूठभर देतात. बोंबील दिले तर वर जवळा, केळी दिली तर वर दोन केळी. मन खट्टू नाय राहात. मी तुमाला वर सुकेळी देते. माझ्या मांडवावरची. पानात बांधून."

साहेब कपाळाला हात लावून बोलले, "नातालबाय, हा मासळीबाजार नाही."

मी बोलली, "तोच हाय, साहेब. नुसता वास नाय."

सर हसाय लागले. चष्मा काढून पुसला. मग बोलले, "माझी मुलगी दर फोनला विचारते, बाबा, येताना सुकेळी आणाल ना? सातवा महिना आहे तिचा. मी म्हणतो, बाजारात चांगली मिळत नाहीत हल्ली." मग रीनाला विचारलं, "तिकडे थंडी फार. स्वेटर घेतलंस का?"

"नाय, सर."

"मग घे. लोपीससाहेब, काढा पावत्या. मी घरून पाउंड घेऊन येतो. दूध मात्र इथे ठेवतो, मांजर बघा."

अर्ध्या तासात सगळं झालं. दोन पावत्या, दोन शिक्के. फी निघाली, भाडं निघालं. स्वेटरापुरते काही उरले नाय. तो नातालबायनं वसईच्या बाजारातून रुपयात घेतला, लाल रंगाचा, दोन मापं मोठा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी फोन ठेवला नि मला भाव सांगितला. पाउंड आनखी चढला होता. मी आकडा लावला नि मागं वळली, तर सर दुधाची पिशवी घेऊन उभे.

"मावशी! एक दिवस! फक्त एक दिवस थांबलो असतो!"

"सर, सुकेळी परत करायची असतील तर सांगा. नातालबाय घेईल परत."

सरांनी पिशवी ह्या हातातून त्या हातात घेतली. "अर्धी संपली."

"मुलीसाठी होती ना?"

"चव बघायला नको का?" नि गेले. नातालबायनं मग त्यांना जायच्या आधी दुसरा पुडा नेऊन दिला. ती आनखी वेगळी गोष्ट.

नंतर पाउंड खाली बी आला, वर बी गेला. माझ्या हातून तो किती वेळा खिळ्यावरून उतरला नि चढला. मी कधी एक डॉलर माझा म्हनून ठेवला नाय, पाउंड नाय. दोन पोरींची लग्नं केली ती रुपयात. वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. पुढं साहेबांनी लाल दिव्याचा फळा आनला. बटन दाबलं का आकडा आपोआप पेटायचा. पत्र्याचे आकडे मी घरी घेऊन आली, नातवंडं त्यांच्याशी खेळली नि हरवले. होळीच्या बाजारातली दुपारची देवघेव बी बंद झाली. आता सगळ्या बाया रुपयेच मागतात. त्यांचं बी बरोबर. बोंबील देऊन लाइटचं बिल भरता येत नाय.

रीना विलायतेत टिकली. नोकरीला लागली. काही वर्षांनी सुट्टीवर आली तेव्हा आईला घेऊन हापिसात आली. अंगात तोच लाल स्वेटर, डिसेंबरच्या वसईत, घामानं डबडबलेली, मला दाखवायला घातलेला. पाकिटात तिच्या स्वतःच्या पगाराचे पाउंड. मामाला त्याचे डॉलर परत द्यायचे होते, डॉलरातच. मामानं तेव्हा डॉलर दिले होते, आता बी डॉलरच घेनार असं ती हट्टानं बोलत होती.

नातालबायनं लाल दिव्याच्या फळ्याकडं बघितलं. बघता बघता तिचे डोळे चमकले. तिनं पोरीचा हात धरला.

"थांब गो. आज नको. पाउंड चढतोय."

रीना फळ्याकडं वळली बी नाय. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं.

"चढतोय, आई. पन कोनासमोर?"

नातालबायनं दारातली टोपली उचलली नि माझ्यावर डाफरली, "भानू, हिला बी बोंबीलवाली करून टाकलीस!"

मी चहा ठेवायला आत गेली.